डाव्या डोळ्यावरची शाई

माझ्या भाचीचा डावा डोळा गेला तो कॅन्सरनं. डॉक्टरांच्या कागदावर तसंच लिहिलंय आणि ते खरं आहे. पण त्या डोळ्यात पांढरं दिसायला लागलं तेव्हा ते सगळ्यांच्या आधी मी पाहिलं होतं, आणि पाहून काळ्या शाईनं बुजवून टाकलं होतं, हेही खरं आहे. ते कुठल्याच कागदावर नाही, म्हणून इथं लिहितो. कुणी वाचून माझी कीव करावी असा हेतू नाही. कीव करणारे मला आजवर लई भेटले, त्यातल्या एकालाही मी चहा पाजला नाही.

आमचं घर फोटोवाल्याचं. निजामाविरुद्धची पोलिस ॲक्शन होऊन दोन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा वडिलांनी जुन्या शहरात एका अत्तरवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत स्टुडिओ काढला. एक लाकडी कॅमेरा, एक रंगवलेला पडदा आणि एक डुगडुगणारी खुर्ची, एवढाच पसारा. लोक फोटो काढायचे ते दोन कामांसाठी : सरकारी कागदासाठी, नाहीतर सोयरिकीसाठी. सोयरिकीच्या फोटोंवर आमचं पोट चाललं. त्या काळात कितीतरी पोरींच्या तोंडावर देवीचे व्रण असायचे. वडील निगेटिव्ह खिडकीशी धरून टोकदार पेन्सिलीनं एकेक व्रण बुजवत बसायचे. फोटोतली पोरगी अगदी गुळगुळीत निघायची. लग्नाच्या दिवशी नवऱ्यानं काय पाहिलं ते नवऱ्याला ठाऊक. याला आमच्या धंद्यात टचिंग म्हणतात. आणि त्याचा वडिलांनी घालून दिलेला एक कायदा होता : टचिंग केलं हे गिऱ्हाइकाला कधी सांगायचं नाही. सांगितलं की त्याला आधीचं तोंड आठवतं आणि मग फोटो कितीही चांगला असला तरी त्याला तो गोड लागत नाही.

मी शहराच्या नव्या भागात, पुंडलिकनगरात, गाळा घेतला तोवर सगळं रंगीत झालं होतं आणि देवी गेल्या होत्या. मग टचिंगला उरलं काय, तर लाल डोळे. फ्लॅश मारला की माणसाच्या डोळ्यातली बाहुली कधी कधी लाल येते. नवरदेव भुतासारखा दिसतो, गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. मी बारीक ब्रश घ्यायचो, काळी शाई घ्यायचो आणि लाल ठिपक्यावर काळा ठिपका टेकवायचो. श्वास रोखून एकदाच टेकवायचं, परत फिरवायचं नाही. लग्नसराईत दिवसाला शंभरेक डोळे काळे केले असतील. लाल का येतं हे मला माहीत नव्हतं आणि जाणून घ्यायची गरज कधी वाटली नाही. कलाकार होतो ना मी. लोक म्हणायचे, हात लई साफ आहे तुमचा.

धाकटी बहीण फुलंब्रीला दिलेली. माणसं शेतीवाडीची, दाजी शहरात कंपनीत नोकरीला, रोज जाऊन येऊन करायचे. लग्नानंतर पाच वर्षांनी तिला मुलगी झाली. पाच वर्षं तिनं सासूचं काय काय ऐकून घेतलं ते मी सांगत नाही, वाचणाऱ्याला कल्पना असेलच. त्यामुळं पोरगीच झाली तरी कौतुक फार झालं. पहिल्या संक्रांतीला बोरन्हाण करायचं ठरलं आणि मामा फोटोवाला म्हटल्यावर मामाला निरोप आला.

पोरगी दहा महिन्यांची होती. काळं झबलं, त्यावर हलव्याचे दागिने, डोक्याला हलव्याचा मुकुट. पाटावर बसवून बायकांनी डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, उसाचे तुकडे ओतले आणि गल्लीतली पोरं ते वेचायला तुटून पडली. पोरगी रडली नाही. बोर अंगावर पडलं की खिदळायची. माझ्याकडं बघून तिनं दोन्ही हात वर केले तेव्हा मी फ्लॅश मारला, आणि मनात म्हटलं की हाच फोटो मोठा करायचा.

लॅबमधून प्रिंट आले तेव्हा तोच फोटो मी पहिला उचलला. उजवी बाहुली लाल होती, नेहमीसारखी. डावी पांढरी होती. पार खडूसारखी पांढरी. बाकीच्या फोटोंत बघितलं, तर आणखी दोनांत तसंच, ज्यांत ती जरा डावीकडं बघत होती. एका माणसाचा एक डोळा लाल आणि एक पांढरा, असं त्याआधी मी कधीच पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं डोळेच बघत होतो, तरी कधीच नाही. हे मी आज लिहितोय तेव्हा मला माझ्याच तोंडात मारावंसं वाटतं, पण तेव्हा मी एवढंच म्हटलं की हलव्याचे दागिने पांढरे, त्यांच्यावर फ्लॅश पडून उजेड डोळ्यात गेला असेल. विचार केला असेल दोन मिनिटं. त्यातलं दीड मिनिट शाई पुरेशी दाट आहे का, यावर गेलं. मग श्वास रोखला आणि उजव्या डोळ्यावर एक, डाव्या डोळ्यावर एक असे दोन ठिपके टेकवले. डाव्याला शाई दोनदा द्यावी लागली, पांढरं खालून डोकावत होतं. वर ब्रशच्या टोकानं चमक सोडली, दोन्हीकडं सारखी. फ्रेम करून फुलंब्रीला पोचवला.

बहिणीनं तो पुढच्या खोलीत, टीव्हीच्या वर लावला. आला-गेला म्हणायचा, डोळे बघा पोरीचे, किती पाणीदार.

उन्हाळ्यात बहिणीला शंका यायला लागली. दिवेलागणीला वीज गेली, मेणबत्ती लावली की पोरीच्या डाव्या डोळ्यात आत काहीतरी चमकायचं. पोरगी हलली की जायचं. परत बघावं तर नसायचं. तिनं सासूला सांगितलं. सासू म्हणाली, माझ्या माहेराकडं सगळ्यांचेच डोळे घारे, मांजरावाणी चमकतात, देखणेपण असतं ते. बहीण म्हणाली, घारं नाय हो आत्याबाई, आत काहीतरी पांढरं हाय. तेव्हा सासूनं टीव्हीवरच्या फोटोकडं बोट केलं. "त्यात कुठं हाय पांढरं? दोन्ही डोळे सारखे हायेत. फोटो काय खोटं बोलतो व्हय? आन तुझ्याच भावानं काढलाय."

हे मला बहिणीनंच सांगितलं. माहेरपणाला आली होती, पोरीला कडेवर घेऊन सरळ स्टुडिओत आली. वडील तोवर गेले होते. तिनं पोरीला काउंटरवर बसवलं आणि म्हणाली, "दादा, सगळे म्हणतात मला भास होतोय. पाच वर्षांनी लेकरू झालं म्हणून माझ्या डोक्यात भलतंसलतं येतंय म्हणतात. तू हिचे इतके फोटो काढलेस. तुला कधी काय दिसलं का?"

मला आठवलं. विसरलो होतो असं सांगून सुटता आलं असतं, पण नाही, मला तत्क्षणी आठवलं. त्या फोटोचं निगेटिव्ह तिच्या पाठीमागच्या कपाटात, बटरपेपरच्या पाकिटात होतं. हात लांब केला असता तर मिळालं असतं. पण मग सांगावं लागलं असतं की तू वर्षाचा सण म्हणून भिंतीवर लावलाय तो फोटो तसा आला नव्हता, मी केलाय. वडिलांचा कायदा. बहीण असली म्हणून काय झालं, फोटो घेऊन गेली म्हणजे गिऱ्हाईकच की. आणि खरं सांगायचं तर त्या फोटोचं मला कौतुक होतं. सगळे वाखाणत होते त्याला.

मी म्हणालो, "फ्लॅशचं कधी कधी तसं होतं. उगं जिवाला लावून घेऊ नकोस."

"म्हणजे दिसलं होतं?"

"तसं काय नाय. फोटो तर तूच बघतीस की रोज."

ती मग हसली, जरा बरं वाटल्यासारखं. पोरीनं माझ्या ब्रशचा डबा पाडला, आम्ही दोघं ब्रश गोळा करत बसलो. जाताना म्हणाली, बरं झालं तुला विचारलं.

दसऱ्यापर्यंत डोळा तिरळा झाला. तरी शेजारपाजारचे म्हणाले, जरासा तिरळेपणा भाग्याचा असतो. दिवाळीत तो लाल झाला आणि सुजला, तेव्हा भाग्यवाले कुठं गेले कुणास ठाऊक. गावातल्या डॉक्टरनं थेंब दिले. थेंबांचा आठवडा गेला आणि मग दाजी पोरीला घेऊन शहरात आले. सरकारी दवाखान्याच्या डोळ्यांच्या खात्यात आम्ही तिला दाखवलं. एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं पडदा ओढला, बॅटरीचा उजेड पोरीच्या डोळ्यात टाकला आणि तिचं बोलणंच थांबलं. तोवर पोरीशी गप्पा मारत होती. मग तिनं विचारलं, "हे पहिल्यांदा कधी दिसलं? आधीचा एखादा फोटो आहे का? फ्लॅशनं काढलेला?"

बहीण म्हणाली, "हाय की. संक्रांतीचा. पण त्यात काहीच नाय, दोन्ही डोळे चांगले हायेत. माझा भाऊच फोटो काढतो, हा बघा."

डॉक्टरीण माझ्याकडं बघत होती. मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते माझं मला कळलं नाही, आणि तिनं परत विचारलं नाही. तिनं हैदराबादच्या मोठ्या इस्पितळाच्या नावानं चिठ्ठी लिहिली. लहान मुलांच्या डोळ्याच्या आतल्या पडद्यात असा कॅन्सर होतो, म्हणाली, तिथं त्यासाठीच वेगळा विभाग आहे, आठवडाभरात जा.

संध्याकाळी मी स्टुडिओ उघडला आणि कपाटातून ते निगेटिव्ह काढलं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. पांढरं ते गडद दिसतं, लाल ते हिरवट, काळं ते फिकट नारंगी. ट्यूबलाइटसमोर धरलं तर पोरीचा उजवा डोळा हिरवट होता आणि डाव्या डोळ्यात गच्च काळा ठिपका. मी तिथं टेकवलेल्या ठिपक्यासारखाच. ते निगेटिव्ह मी पाकिटात घातलं आणि पाकीट शर्टाच्या खिशात. हैदराबादला गेल्यावर डॉक्टरांना दाखवायचं, असं ठरवलं होतं. मी बरंच काय काय ठरवतो.

आमच्याकडची माणसं मोठ्या दुखण्याला हैदराबादला जातात, ती जुनी सवय आहे. गाडीत बसलं की सकाळी उतरतो. इस्पितळ स्वच्छ होतं आणि त्याचाच मला राग आला. एवढं चकचकीत, थंड, आणि त्यात रांगेनं बसलेली पोरं. दोन वर्षांची, तीन वर्षांची, एक तर दूधपितं. भूल देऊन तपासणी करायची म्हणून सगळी उपाशी ठेवलेली. पाणीसुद्धा नाही. आया पोरांना खिडकीतल्या गाड्या दाखवून भूक विसरायला लावत होत्या. आमची पोरगी शेजारच्या मुलाच्या आईला 'मंमं, मंमं' म्हणत हात करत होती. त्या बाईचं लेकरूही उपाशी. दोघी आया एकमेकींकडं बघायचं टाळत होत्या.

तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. हळू, साध्या हिंदीत बोलत होते. डाव्या डोळ्यात काही उरलेलं नाही, तो काढावा लागेल. नाही काढला तर तिथून मेंदूकडं जाईल आणि मग पोरगी राहणार नाही. उजव्या डोळ्यातही दोन बारीक गाठी आहेत, सुरुवातीच्या. तो डोळा वाचवायचा प्रयत्न करू : शिरेतून औषधं देऊ, गाठी गोठवू, दर महिन्याला भूल देऊन बघू. वाचेल असं छातीठोक सांगत नाही. म्हणजे आता सगळी बाजी त्या उजव्या डोळ्यावर होती. तो गेला तर पोरगी आयुष्यभर आंधळी.

दाजींनी विचारलं, लवकर आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, सात-आठ महिने आधी आला असता तर कदाचित डावाही राहिला असता, कदाचित नसता. उजव्याचं काम मात्र नक्की सोपं झालं असतं.

बहीण लगेच म्हणाली, "तेव्हा नव्हतं, साहेब. मी आई हाय तिची, मला दिसलं नसतं का? फोटो हाय माझ्याकडं तेव्हाचा." आणि तिनं पिशवी छातीशी धरली. फोटो फ्रेममधून काढून बरोबर आणला होता तिनं. मग मला कळलं की तिचा सगळा धीर त्या फोटोवर उभा आहे. तेव्हा डोळा चांगला होता, म्हणजे आपण काही नजरेआड केलं नाही. मी खिशातलं पाकीट चाचपलं आणि हात खाली घेतला. मनात म्हटलं, आता सांगून तिचा एवढा आधार कशाला काढून घ्या. किती सोयीचं होतं मला ते. माया म्हणून खपवलं मी ते, स्वतःलाच.

डोळा काढला. पट्टी बांधलेली पोरगी दुसऱ्या दिवशी उठून बसली आणि बिस्कीट मागितलं. मोठ्या माणसांनीच जेवण टाकलं होतं. मग औषधं सुरू झाली. केस गेले, तोंड आलं, ताप आला, परत गाडी, परत हैदराबाद. सगळ्या फेऱ्यांना मी बरोबर जात होतो, ते पाकीट दर वेळी खिशात घालून. लोक म्हणायचे, मामा असावा तर असा. गावाकडचे तर माझं उदाहरण द्यायचे. मी ऐकून घ्यायचो, काय करणार.

दोन महिन्यांनी कृत्रिम डोळा बसवायची वेळ आली. त्याच इस्पितळात मागच्या बाजूला एक खोली होती, तिथं एक म्हातारेसे मुसलमान कारागीर डोळे बनवायचे. हैदराबादीच, पांढरी टोपी, डोळ्याला भिंगाचा चष्मा. दाजी खाली औषधं आणायला गेले होते. आत बहीण, तिच्या मांडीवर पोरगी आणि मी. कारागिरांनी पोरीच्या उजव्या डोळ्याकडं निरखून बघितलं, मग टेबलावर काळीशार, तपकिरी, पिवळट रंगांची थेंबथेंब मांडणी केली. ब्रश घेतला. मी चमकलो. तोच ब्रश होता, माझ्याकडं होता तोच नंबर. पांढऱ्या गोलावर तपकिरी वर्तुळाला ते केसाएवढ्या रेघा देत होते. आणि मग मधोमध त्यांनी श्वास रोखून काळा ठिपका टेकवला. एकदाच.

 बाहेर जावं म्हटलं, पण त्या ब्रशकडंच बघत राहिलो.

ते म्हणाले, "बहन, बच्ची का पुराना फोटू है क्या? दोनों आँखों का? जरा चमक देख लेता."

बहिणीनं मोठ्या हौसेनं पिशवीतून फोटो काढून दिला. "हे बघा. हिचे डोळे पहिले असे होते."

त्यांनी फोटो घेतला, खिडकीकडं वळवला आणि तिरका केला. तिरका केला की शाई ओळखू येते, कागदापेक्षा तिची चकाकी वेगळी असते. हे माझ्यासारख्याला माहीत असतं आणि त्यांच्यासारख्याला. त्यांनी अंगठ्यानं डाव्या डोळ्यावरून हळूच फिरवून बघितलं.

"ये तो सियाही है," म्हणाले. "आँख पे बनाये हैं किसी ने. इस पे दो बार चढाये." मग मान डोलावली. "हाथ अच्छा है. कौन किये?"

वाईट हेतूनं नाही म्हणाले. एका कारागिरानं दुसऱ्या कारागिराला दाद दिली, बस. आयुष्यात मला मिळालेली ती सगळ्यात खरी दाद असेल.

बहीण माझ्याकडं वळली. "दादा?"

मी खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून निगेटिव्ह काढलं आणि तिच्या हातात दिलं. ती फोटोवाल्याची लेक. वडिलांच्या डार्करूमच्या दाराशी भातुकली खेळत वाढलेली. तिला निगेटिव्ह वाचायला शिकवावं लागत नाही. तिनं एका हातानं पोरीला सावरलं, दुसऱ्या हातानं निगेटिव्ह खिडकीशी धरलं. बराच वेळ धरून होती. हात हलत नव्हता.

मला वाटलं होतं, ती रडेल. नाहीतर मला मारेल. मारलं असतं तर मी खाल्लं असतं. ती फक्त म्हणाली, "म्हणजे मला खरंच दिसत होतं."

मी म्हणालो, "माझं चुकलं."

"मी तुझ्याकडं आले होते, दादा. सगळ्यांनी मला येडी ठरवलं म्हणून तुझ्याकडं आले होते." आवाज चढवला नाही तिनं. "तुझ्यावर विश्वास ठेवून मी मेणबत्तीत बघायचं सोडून दिलं. चमकलं तरी तोंड फिरवायची मी."

कारागीर खाली मान घालून परत रंगवायला लागले. पोरगी त्यांच्या ब्रशकडं हात लांब करत होती, 'मना, मना' म्हणत. त्यांनी एक कोरडा ब्रश तिच्या हातात दिला आणि ती तो आपल्याच गालावर फिरवत बसली.

दाजींना बहिणीनं सांगितलं की नाही, मला माहीत नाही. सासूला सांगितलं नाही, हे नक्की. सांगितलं असतं तर म्हातारी चार गावं गोळा करून आली असती. परतीच्या गाडीत बहीण खिडकीशी बसली आणि माझ्याकडं पाठ केली. डबा उघडला तेव्हा मला पोळी दिली, भाजी दिली, लोणचं दिलं. पाठ तशीच.

त्यानंतर माझ्या स्टुडिओत लाल डोळे काळे करणं मी बंद केलं. फ्लॅशचा उजेड डोळ्यात आतपर्यंत जातो, मागच्या पडद्यावर पडतो आणि तिथल्या रक्ताचा रंग घेऊन परत येतो, म्हणून लाल. लाल आलं म्हणजे वाट मोकळी आहे, असं मला हैदराबादच्या डॉक्टरांनी समजावलं. जन्मभर मी डोळा चांगला असल्याची खूणच पुसत आलो होतो. गिऱ्हाइकांना हे सांगायला लागलो. एका नवरदेवाचा बाप म्हणाला, डॉक्टरकीच करायची होती तर स्टुडिओ कशाला काढला? आणि पलीकडच्या गल्लीतल्या स्टुडिओत गेला. बरेच गेले. पोरांच्या फोटोत कुठं पांढरं दिसलं तर मी आईबापांना थांबवून सांगायचो. असे तीन-चार जण असतील. दोघांनी ऐकलं. एकानं शिवी दिली, माझ्या लेकराला अभद्र बोलतो म्हणून. आता तर मोबाइलच लाल डोळे आपोआप काळे करतो, विचारतही नाही. माझ्यासारखे लाखो बसवलेत त्यात. असो.

उजवा डोळा वाचला. लगेच नाही; मध्ये एकदा तिसरी गाठ आली, परत औषधं, परत ते उपाशी बसणं. भूल देऊन तपासणी तर होतीच, पण डॉक्टर म्हणाले होते, गावाकडंही महिन्याला एक फ्लॅशचा फोटो काढत जा, काही वेगळं दिसलं तर थांबू नका, निघून या. म्हणून बहीण दर महिन्याला पोरीला घेऊन माझ्याकडं यायला लागली. पहिल्यांदा दारात उभी दिसली तेव्हा मला वाटलं, राग निवला.

मी म्हणालो, "ये, बस. चहा सांगतो."

"चहा नको. हिचा फोटो काढ."

"तुला फुलंब्रीतलाच एखादा स्टुडिओ जवळ पडला असता," मी म्हणालो. का म्हणालो कुणास ठाऊक. कदाचित तिनं नाही म्हणावं म्हणून.

"तुलाच कळतं कुठं बघायचं ते," ती म्हणाली. "मागल्या वेळी पण तुलाच कळलं होतं."

मी फोटो काढला. चार दिवसांनी लॅबमधून रोल आला आणि ती न्यायला आली, तेव्हा मी प्रिंटचं पाकीट पुढं केलं. आत फोटो छान आला होता. डोक्यावर नवे केस उगवत होते, पोरगी हसत होती, उजवा डोळा लालबुंद. मी ब्रशला हातही लावला नव्हता. तिनं पाकीट उघडलंसुद्धा नाही, काउंटरवर तसंच परत सरकवलं.

"प्रिंट नको," म्हणाली. "निगेटिव्ह दे."

मी दिलं. तिनं ते दारातल्या उन्हात धरलं, एक डोळा मिटला आणि बघितलं. "हिरवं हाय," ती म्हणाली, मला नाही, पोरीला. निगेटिव्ह पर्समध्ये ठेवलं आणि फुलंब्रीची गाडी धरायला निघून गेली. अशी ती सहा वर्षं दर महिन्याला आली. माझ्याकडून तिनं पुन्हा एकही प्रिंट घेतला नाही. तिच्या न नेलेल्या प्रिंटांचा गठ्ठा माझ्या कपाटात आहे, सगळ्यांत उजवा डोळा लाल आहे, आणि तो बघायला माझ्याशिवाय कुणी नाही.